चादरीखालची कोथिंबीर

खोली भाड्यानं देण्याआधी मालकांनी माझ्यापुढे मेथीची जुडी आणि एक परात ठेवली आणि म्हणाले, "निवडा."

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं भिंतीकडे बघितलं. माझी बँकेतली बदली सोलापूरला झाली होती. माळशिरसहून सकाळच्या एसटीनं येऊन आम्ही दिवसभर खोल्या बघत हिंडत होतो. पाय बोलत होते. आता भाडं विचारावं, नळाला पाणी कधी येतं ते विचारावं, तर हा माणूस मेथी निवडायला सांगतोय. पण खोली हवेशीर होती, म्हणून मी मुकाट्यानं बसले आणि निवडली. ते समोर पाटावर बसून बघत होते. झाल्यावर त्यांनी निवडलेल्या भाजीकडे ढुंकूनही बघितलं नाही. टाकलेल्या काड्यांचा ढीग पुढे ओढला, त्यातली एकेक काडी नखानं मोडून बघितली आणि म्हणाले, "कवळं काय टाकलं न्हाय तुमी. ऱ्हावा."

मागाहून मी विचारलं, की मालक, बघायचं तर निवडलेलं बघायचं ना? तर म्हणाले, "ठेवलेल्यात समदेच शाणे असत्यात की ओ. माणूस कळतंय ते टाकलेल्यात."

सोलापुरात रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत कुणालाही 'मालक' म्हणायची पद्धत आहे. आमचे मालक मात्र खरेच मालक होते, घराचे. दुमजली घर, खाली ते एकटे, वर आम्ही. बायको वारलेली, मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादला. जन्म अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यात, घरची बोली कानडी, बाहेरची मराठी, आणि चिडले की दोन्हींची भेसळ. हयातभर चादरीच्या कारखान्यात चेकिंगला होते. म्हणजे विणून आलेली चादर उजेडात धरायची आणि खोट शोधायची. ही सवय निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती. माणूस समोर आला की ते त्याला जरा उजेडात धरल्यासारखं बघायचे.

त्यांचा खरा हंगाम हिवाळा. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की ते गल्लीत घरोघर जाऊन कूलर मागायचे. सोलापूरच्या उन्हाळ्याची ज्याला कल्पना आहे त्याला सांगायला नको, की इथे घरात देव नसला तरी चालतो पण कूलर लागतो. आणि थंडीत हेच धूड अडगळीत पडून असतं. मालक म्हणायचे, "फुकट बसून खातंय. द्या हिकडं, कामाला लावतो." त्या लोखंडी कूलरची खालची टाकी सोडवून ते गच्चीवर न्यायचे. पाणी सोडायला टाकीला खाली बूच असतंच. ते काढायचं, भोकावर खापरीचा तुकडा ठेवायचा, वर माती आणि शेणखत. कूलरच्या बाजूला जे गवत असतं तेसुद्धा ओल धरायला मातीवर पसरायचं. बघता बघता सगळ्या गल्लीचे कूलर आमच्या गच्चीवर रांगेनं शेत होऊन बसायचे.

एका टाकीत मेथी, एकीत शेपू, एकीत चुका, एकीत कांद्याची पात. पुदिना फुटक्या बादलीत, कारण "त्याला मोकळं सोडलं तर दुसऱ्याच्या घरात घुसतंय." कोथिंबिरीची टाकी सगळ्यात जवळ, जिन्याच्या तोंडाशी. धणे पेरायच्या आधी लाटण्यानं हलके रगडून त्यांच्या दोन फाकी करायच्या आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवायच्या, हे मी त्यांच्याकडून शिकले. मी पहिल्या वर्षी आख्खे धणे खिडकीतल्या डब्यात टाकले होते आणि पंधरवडाभर मातीकडे टक लावून बसले होते. ते रोज जाता-येता विचारायचे, "काय म्हणतंय पीक?" शेवटी स्वतःच म्हणाले, "उसाची माणसं तुमी. कांडी पुरली, कालव्याचं पाणी सोडलं, झोपी गेलं. पानाची सेवा तुमाला काय माहीत?" आमच्या माळशिरसच्या उसावर त्यांचा भलताच राग होता. एका जिल्ह्यातले असून आम्ही त्यांच्या लेखी परदेशीच होतो.

फाल्गुन लागला की ते टाक्या धुऊन ज्याच्या त्याला परत करायचे. पण मेथी ती मेथी. शेजारच्या तेलुगू मावशींच्या कूलरला एकदा भर उन्हाळ्यात आतून हिरवे कोंब फुटले. मावशी कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय ओ मालक, आमी कूलर दिला होता का रान दिलं होतं?" मालक जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "भाडं समजा," आणि तिथेच ते कोंब खुडून मावशींच्या हातात ठेवले.

भाजी त्यांनी कधी विकली नाही, पण फुकटही दिली नाही. घेणाऱ्यानं आधी काय करणार ते सांगायचं. शेपूला ते कानडीत सब्बसगी म्हणायचे. ती मागितली की चौकशी सुरू व्हायची. पातळ करणार का मोकळी? डाळ कोणती? लसूण किती? उत्तर पटलं नाही तर, "उद्या या, विचार करून." आणि भाजी उपटायची नाही, खुडायची. बोटानं देठ मोडायचा, खाली दोन पानं ठेवून, म्हणजे पुन्हा फुटते. कुणी मुळासकट ओढलेलं दिसलं की ते दुखावल्यासारखे गप्प व्हायचे, आणि ते गप्प होणं त्यांच्या बोलण्यापेक्षा वाईट असायचं.

पण ह्या सगळ्यावर ताण करणारा त्यांचा एक नियम होता. दिवेलागण झाली की कुठल्याही पानाला हात लावायचा नाही. झाडं झोपतात. हे आपणही लहानपणी ऐकलेलं असतं, पण ऐकून सोडून दिलेलं असतं. मालकांनी ते मनावर घेतलं होतं. दिवस मावळला की कारखान्यातून मिळालेल्या खोटीच्या सोलापुरी चादरी घेऊन ते गच्चीवर जायचे. खोटीच्या म्हणजे कुठे धागा सुटलेला, कुठे मोराची मान वाकडी आलेली. प्रत्येक टाकीवर चार काड्या रोवलेल्या असायच्या, त्यांवर चादर पांघरायची, कडा नीट आत खोचायच्या. सोलापूरच्या थंडीत मेथी काही गारठून मरत नाही. पण पहाटे अंगणात उभं राहवत नाही असे दोन-चार दिवस असतात, तेवढ्यावर त्यांचं समर्थन चालायचं. "आपल्याला लागती न्हवं चादर? मग."

आम्ही राहायला आलो त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी नवऱ्याचे साहेब अचानक जेवायला आले. आमटी झाली, भात झाला, आणि घरात कोथिंबिरीची काडी नाही. मी वर गेले. मालक जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले होते, रखवालीला बसावं तसे.

"मालक, चार काड्या कोथिंबीर द्या. पाहुणे आलेत."

"झोपलीय."

"एवढीशी. वरून टाकायला."

"ताई, तुमाला झोपेत कुणी केस ओढलं तर?"

मी हसले. ते हसले नाहीत. साहेबांनी आमटी तशीच खाल्ली आणि छान झालीय म्हणाले. माझा राग मात्र आठवडाभर गेला नाही. पुढे नियमाचं मूळ कळलं तेव्हा गेला.

मालकांची आई ते लहान असतानाच गेली. त्यांना वाढवलं मोठ्या बहिणीनं, अक्कानं. ती तरी काय मोठी, परकरातली पोर. एकदा संध्याकाळी भूक लागली म्हणून हे शेतात हरभऱ्याची पानं ओरबाडायला गेले, तर अक्कानं हातावर फटका मारला आणि केस ओढून दाखवले. झोपेत असं कुणी केलं तर? मग रडणाऱ्या भावाला घरी नेऊन तिनं स्वतःच्या वाटणीची भाकरी दिली. केस ओढायचा तो प्रश्न मालक आयुष्यभर शब्दही न बदलता सगळ्यांना विचारत आले होते.

हे ते मला तुरीच्या शेंगा सोलताना सांगत होते. मग म्हणाले, "आता बोलत न्हाय ती माज्याशी."

अक्का मंद्रूपच्या पुढच्या एका गावात दिलेली. तिकडे, म्हणजे अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि खाली कर्नाटकात, मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस करतात. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे आपापल्या शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची, शेतात आंबील शिंपडायची आणि मग तिथेच बसून जेवायचं. जेवणात मुख्य म्हणजे भज्जी. रानात जेवढं हिरवं असेल तेवढं सगळं तिच्यात पडतं. मेथी, चुका, शेपू, पात, हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, वर ताकात कालवलेलं बेसन. लग्न झालेल्या अक्काचं माहेरी येणं म्हणजे ही येळवस. दिवाळीला ती आली नाही तरी चालायचं, येळवस तिनं कधी चुकवली नव्हती.

मालकांनी सोलापुरात घर बांधायला गावाकडचं ते शेत विकलं. तिला न विचारता. कागदोपत्री ते त्यांचंच होतं, त्यामुळे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. त्या वर्षी अक्का डोक्यावर बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांची पाटी घेऊन सवयीनं बांधावर आली, तर शेतात दुसरीच माणसं पूजा करत होती. तिला तिथे कळलं.

"भांडली का?" मी विचारलं.

"भांडली असती तर बरं झालं असतं. हितं आली, ह्या दारात. आत पाऊल टाकलं न्हाय. म्हणली, माजं माहेर विकलंस, तम्मा." कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. "मी म्हणलं, अक्का, चूक झाली, पण येळवशीला येत जा की हितं. तर म्हणली, ज्याला शेत न्हाय त्याची कसली येळवस? आदी शेत कर, मग मला बोलाव."

दुसऱ्या कुणी ह्याचा अर्थ, आता तुझं तोंड बघणार नाही, असा घेतला असता. मालकांनी तो घेतला नाही. बहिणीनं शेत कर म्हटलंय ना, मग करायचं. जमीन घ्यायची ऐपत नव्हती. घराला गच्ची होती. गल्लीत कूलर होते.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मेथीची पहिली खुड ओल्या फडक्यात गुंडाळून एका ओळखीच्या एसटी ड्रायव्हरबरोबर अक्काकडे जायची. उत्तर यायचं नाही. असे किती हिवाळे गेले त्यांनाही सांगता येत नव्हतं. आम्ही राहायला आलो त्याच्या पुढच्या वर्षी एक दिवस ड्रायव्हरनं ते फडकं परत आणून दिलं, धुतलेलं आणि घडी घातलेलं. मालक ते घेऊन धापा टाकत जिना चढून आमच्या दारात आले. "फडकं आलं," म्हणाले. मी म्हटलं, बरं. "बरं काय? धुतलंय बघा की. टाकून दिलं न्हाय तिनं."

आणि त्याच्या पुढच्या वर्षी फडक्यात गाठ मारून मूठभर धणे आले. तिच्या परसातले. निरोप काही नाही. मालकांना निरोपाची गरजच नव्हती. "पेर म्हणतीय," ते म्हणाले. जिन्यातोंडाची टाकी रिकामी करून त्यांनी नवी माती भरली आणि त्यात ते धणे पेरले. उगवून आले तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाला वर आणून दाखवले. त्या टाकीवर सगळ्यात चांगली चादर पडायची, जवळजवळ बिनखोटीची.

"ह्या येळवशीला येतीय बघा अक्का," ते रोज म्हणायचे. तोवर मीसुद्धा वाट बघायला लागले होते.

येळवशीच्या दिवशी मी रजा टाकली. गच्चीवर टीव्हीच्या छत्रीशेजारी कडब्याची खोप उभी होती. पाच दगड पांढरे होऊन आत बसले होते. मालक धुवट धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून, टाक्यांभोवती कानडीत काहीतरी पुटपुटत आंबील शिंपडत फिरत होते. खालच्या रस्त्यावरचे लोक मान वर करून बघत होते. मी त्यांच्या हुकमाखाली भज्जी रटरटवत होते आणि दर दोन मिनिटांनी शिव्या खात होते, की उसाच्या मुलखातल्या माणसाला ढवळतासुद्धा येत नाही.

दुपार झाली. तेलुगू मावशी, त्यांचा नवरा, माझा नवरा, गल्लीतले आणखी काही, सगळे पंगतीला येऊन बसले. मालक कठड्यापाशी उभे राहून रस्ता बघत होते. वाढायला कुणी सांगेना. शेवटी मावशीच म्हणाल्या, "मालक, भज्जीला साय धरली." तेव्हा ते वळले आणि म्हणाले, "वाढा." अक्कासाठी एक ताट दरवर्षी बाजूला निघायचं आणि दिवस मावळताना ते गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या गाईला जायचं. त्या वर्षी ते ताट त्यांनी दोनदा झाकलं आणि दोनदा उघडून बघितलं. ते स्वतः जेवले, पण नुसते घास मोजल्यासारखे. सूर्य खाली गेला तसं ताट उचललं आणि गाईपुढे रिकामं करून आले. वर येऊन चादरी घातल्या. कडा खोचल्या. मी खोपीपुढे दिवा लावला. भज्जीचं पातेलं मावशींनी घासायला खाली नेलं होतं.

आणि तेवढ्यात खाली टेम्पो थांबला.

अक्काला वर यायला बराच वेळ लागला. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती. बारकी, वाकलेली, अंगावर इरकली लुगडं, कपाळाला भावासारखीच विभूती. येळवशीला गाडी कुठली मिळायला? ड्रायव्हर रानात, कंडक्टर रानात. सकाळपासून फाट्यावर बसून होती. दिवस कलल्यावर सोलापूरला माल टाकायला निघालेला पुतण्याचा टेम्पो मिळाला, आणि तो लगेच परत फिरणार होता. हे तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मालक नुसते "बा, अक्का, बा," करत होते. ये, ये.

ती बसली नाही. गच्चीवर नजर फिरवली. खोप बघितली, पांढरे दगड बघितले.

"हेच व्हय तुजं शेत?"

"हेच, अक्का."

"आन हे झाकलंय काय?"

"झोपलंय समदं."

ती जिन्यातोंडाच्या टाकीपाशी वाकली. चादरीची कड उचलून आत हात घातला, पानं चाचपली आणि बोटं नाकाशी धरली. "माजे धणे."

"तुजेच."

"भज्जी हाय का?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "संपली की, अक्का. आत्ताच..."

"असू दे." तिनं काखेतल्या पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढून दाखवली. "ह्यातली चार पानं खुडून दे. भाकरीसंगं खाते. तुज्या शेतातलं खाल्लं म्हणून."

ह्या एका वाक्यासाठी हा माणूस इतके हिवाळे लोकांचे कूलर वाहत होता. मी अगदी शेजारी उभी होते, आणि मालकांचा चेहरा मला दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसला. तो आनंदानं फुलून आला होता. खाली बसून ते खुडतील असं मला वाटलं. पण ते हसले. अगदी लहान पोरासारखे, लबाड हसले.

"परीक्षा बघतीस व्हय, अक्का? दिवं लागल्यावर हात लावतोय का म्हणून? न्हाय लावत. तूच शिकवलंस, ध्यानात हाय माज्या."

अक्का त्याच्याकडे बघत राहिली.

"आज ऱ्हा," ते म्हणाले. "सकाळी दवात खुडतो. ताजी भज्जी करू."

"ह्या घरात मी न्हाय झोपत."

"मग पैल्या गाडीनं मी घेऊन येतो. समदं खुडून, टोपलं भरून. तुज्या दारात."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. अक्कानं भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. "मीच शिकवलं, न्हाय का," ती म्हणाली. चादरीची कड स्वतःच्या हातानं पुन्हा आत खोचली आणि भिंत धरून जिना उतरायला लागली. मला तिच्या आवाजात रागाचा लवलेशही ऐकू आला नाही. मलाही ते बहीणभावाचं जुनं कौतुक वाटलं.

त्या रात्री मालकांइतका सुखी माणूस सोलापुरात नसेल. मावशींच्या दारात जाऊन सांगून आले, माझ्या नवऱ्याला दोनदा सांगितलं. अक्का आली. अक्कानं परीक्षा घेतली. मी पास झालो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी सगळ्या टाक्या खुडल्या, इतक्या की गच्ची हजामत केल्यासारखी दिसायला लागली, आणि टोपलं घेऊन गेले. दुपारी रिकामं टोपलं घेऊन परत आले. जेवलात का विचारलं तर "व्हय" म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी चादरी घालायला ते वर आलेच नाहीत. मीच घातल्या.

बऱ्याच दिवसांनी, विचारायचं सोडून दिल्यावर, त्यांनी आपण होऊन सांगितलं. अक्कानं टोपलं घेतलं. भावाला पाट दिला, पाय धुवायला पाणी दिलं. भाजी निवडली, भज्जी केली, भाकऱ्या टाकल्या. त्यांना पोटभर वाढलं.

"मग झालं की, मालक. राग गेला म्हणायचा."

"ती जेवली न्हाय. म्हणलं, अक्का, तू घे की. तर म्हणली, येळवस काल झाली, तम्मा. आज तू पावणा." ते हातातली काडी नखानं मोडत राहिले. "मागितलं हो तिनं. जन्मात माज्याकडं काय मागितलं न्हवतं. तवा मागितलं."

अक्का त्याच उन्हाळ्यात गेली. टाक्या धुऊन परत केल्या होत्या, गच्ची तापून भाजत होती. निरोप आला तेव्हा मालक घरभर काहीतरी शोधत होते. काय शोधता विचारलं तर म्हणाले, "चार पानं पायजे होती. हिरवं कायतरी." वैशाखात सोलापुरात कुठून आणायचं हिरवं? मावशींच्या दारची तुळस होती, तिची पानं घेऊन ते गेले.

मला आजही वाईट वाटतं, आणि कुणाला दोष द्यावा ते कळत नाही. अक्कानं मन मोठं करून मागितलं, ह्यानं मन लावून नाही म्हटलं. तिनं आणखी एकदा, खरंच दे म्हटलं असतं तर? ह्यानं चेहऱ्याकडे नीट बघितलं असतं तर? हयातभर चादरीतली खोट शोधणाऱ्या माणसाला बहिणीच्या आवाजातलं मागणं कळलं नाही. तिचा शब्द मात्र त्यानं तंतोतंत जपला होता.

पुढे आम्ही विजापूर रोडला फ्लॅट घेतला आणि घर सोडलं. गावातच असून जाणं होईना. असं होतंच, आणि झाल्यावर लाज वाटते. गेल्या थंडीत मावशी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "मालक फार थकला, पण कूलर न्यायला येतोच. आता त्याचं उलटंच झालंय बघ. सकाळी कोथिंबीर मागितली तर देत नाही. संध्याकाळी ये म्हणतो."

बँक सुटल्यावर मी तशीच गेले. दिवे लागले होते. त्यांनी मला ओळखलं, उजेडात धरल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "उसाची माणसं. या." मी काही मागितलं नव्हतं. ते माझ्यापुढे कठडा धरत जिना चढले, प्रत्येक पायरीवर थांबत. गच्चीवर टाक्या कमी झाल्या होत्या, पण जिन्यातोंडाची होती. अक्काच्या धण्यांची पैदास ते दरवर्षी जपून पेरत होते. वर तीच चादर होती, आता बरीच विरलेली.

ते खाली बसले. चादरीची कड उचलली, आत हात घालून पानांवरून फिरवला आणि हळूच म्हणाले, "एळ. अक्का बंदाळ."

मला कानडी येत नाही. पण इतकी वर्षं त्या घरात काढल्यावर एवढं कळायला कुणाला विचारावं लागत नाही. ऊठ, अक्का आलीय.

त्यांनी चार काड्या खुडल्या, खाली दोन पानं ठेवून. मी पिशवी पुढे केली तर मान हलवली. "न्हेऊ नका. हितंच खावा."

मी ती पानं तोंडात टाकली. वास नाकातोंडात भरला. मी चावत होते तोवर ते माझ्या तोंडाकडे बघत बसून होते. गिळल्यावर म्हणाले, "झालं," आणि चादरीची कड पुन्हा आत खोचली.